लांबट कक्षा

शेवटी एकदाचं जमलं! लांबट कक्षेत एकमेकांभोवती फिरणाऱ्या दोन कृष्णविवरांमुळे गुरुत्वीय लहरी कशा उठतील, याचं ताईचं मॉडेल आज बरोबर उत्तर देऊ लागलं. ही बातमी तिला सगळ्यात आधी बाबांना सांगायची होती. पण "त्या काळ्या भोकांत काय ठेवलंय?" या बाबांच्या टोमण्यावरून कडाक्याचं भांडण होऊन दोघांचा वर्षभर अबोला!

ताईला काही चैन पडेना. खिडकीपासून ती रमतगमत निघायची, टेबलावरच्या फोनजवळ आली की सुसाट सटकायची आणि पुन्हा लांब.

"अगं, तूच तुझ्या मॉडेलमधलं कृष्णविवर झालीयेस!" सुट्टीला आलेली धाकटी खिदळली. "फोनजवळ वारा, लांब गेलीस की गोगलगाय. त्यात दर फेरी आखूड होतेय. आता धडकच बाकी!"

"गप गं! माझ्या मॉडेलमध्ये दोघंही फिरतात. इथे मी एकटीच गरगरतेय. बाबा बसले असतील तिकडे ढिम्म!"

धाकटीने स्वतःच्या फोनवरून आईला गाठलं आणि स्पीकर लावला. "आई, बाबा काय करतायत गं?"



"काय करणार, रोजचंच! फोनभोवती येरझाऱ्या चालल्यात. जवळ येतात नि पळतात!"