हमीदचं सिमेंट

हमीदने हातोड्याचा पहिला घाव स्वतःच्या नावावर घातला. ‘हमीद, रत्नागिरी, १९६४’. मशिदीच्या दाराच्या वर, ओल्या सिमेंटात त्यानेच मोठ्या हौसेने कोरलेलं. जमलेल्यांपैकी कुणीतरी म्हणालं, बांधताना याचा हात एवढा जोरात चालला नव्हता.

आखातातल्या खोर फक्कानजवळच्या त्या गावातली ही दगडमातीची मशीद कोणी बांधली, कुणालाच ठाऊक नव्हतं. दरवर्षी रमजानच्या आधी गाव मातीत भुसा कालवून तिच्या भिंती लिंपायचं. कंत्राटदार हमीदला हे फुकटचे कष्ट वाटले. मागच्या रमजानआधी त्याने एक पैसा न घेता बाहेरून सिमेंट चढवलं आणि सांगितलं, खलास, आता हात लावायला नको.

मग पाऊस झाला. आतला लेप फुगला, मिहराबच्या कोनाड्याजवळ ढासळला. मशीद थकली, असं लोक म्हणू लागले. ती पाडून काँक्रीटची बांधायचं ठरलं आणि काम हमीदलाच द्यायचं ठरलं. एवढं मोठं काम त्याला आजवर मिळालं नव्हतं.

त्याची बायको शहरबानू लग्नाआधी रत्नागिरीत शाळेत विज्ञान शिकवायची. तिने भिंतीवर तळवा टेकवला.

“ही थकलेली नाही. ओली आहे. तुमचं सिमेंट आतलं पाणी बाहेर जाऊ देत नाही.”

“मग नवी बांधतोच आहे ना?”

“बांधा. पण जुनी कशानं गेली, ते आधी गावाला सांगा.”

दोन दिवस तो भिंतींना हात लावून बघत राहिला. तिसऱ्या दिवशी त्याने इमामांना सगळं सांगितलं, काम नाकारलं आणि आपलं सिमेंट फोडायला हातोडा उचलला.

उन्हाळाभर भिंती सुकल्या. जुनी मशीद उभीच राहिली.

रमजान जवळ आला तसा हमीद मजूर घेऊन लिंपायला हजर झाला. इमामांनी मजुरांना परत पाठवलं. हमीदची मान खाली गेली. गावाचा आपल्यावरचा राग अजून गेलेला नाही, असं त्याला वाटलं.

इमाम त्याला मागच्या बाजूला घेऊन गेले. तिथे घरोघरची माणसं लिंपत होती. प्रत्येक घराचा हिस्सा ठरलेला, बापाकडून मुलाकडे आलेला. मधे हातभर भिंत कोरी होती.

“ही कोणाची?” हमीदने विचारलं.

“तुझ्या घराची. तुझ्यामागून तुझ्या मुलांची,” इमाम म्हणाले. “बायकोला बोलाव. यल्ला, चल लवकर, माती वाळतेय.”