पाऊण इंच

डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडासमोर धरला. शिंप्याच्या लेकीचा डावा खुबा खोबणीतून निसटला होता. “सेरेब्रल पाल्सीच्या मुलांचा खुबा हळूहळू सरकतो, तसा पाय आखूड होत जातो, आधी दुखतही नाही. म्हणूनच दर सहा महिन्यांनी एक्स-रे सांगितला होता. वेळेवर आला असतात, तर छोट्या ऑपरेशनवर भागलं असतं.” शिंपी खाली मान घालून ऐकत होता. दुखत नाही तर कशाला उगाच पोरीची ओढाताण, असं तोच म्हणाला होता. “पण डॉक्टर, आम्हाला कळणार तरी कसं?” बायको रडवेली झाली. “दोन्ही पाय सारखेच दिसायचे.” शिंप्याची नजर लेकीच्या पँटवर गेली. दोन वर्षं तो बायकोलाही न सांगता प्रत्येक पँटचा डावा पाय आखूड शिवत होता, आधी पाव इंच, मग अर्धा, यंदा पाऊण. चारचौघांत पोर नीटनेटकी दिसावी म्हणून. माप त्याचं कधीच चुकलं नव्हतं.