हिरवं की निळं

"म्हणजे हे हिरव्यातही होतं आणि निळ्यातही होतं," भावजी म्हणाले. "मग फरक काय?"

निळ्या पॅकेजचा विक्रेता चष्मा पुसत हसला. फरक वापरल्यावरच कळतो, असं म्हणाला. लग्नाच्या आधी भावजींना त्यांच्या काकांनी हेच सांगितलं होतं, आणि तेव्हाही त्यांना काही उमजलं नव्हतं.

भावजी म्हणजे पाण्याच्या फिल्टरच्या दुकानाचे मालक. त्यांच्या बायकोचा भाऊ सोन्या पहिल्या दिवसापासून सोबत होता. तो भावजी म्हणायचा, म्हणून कारागीर भावजी म्हणायला लागले, मग हिशेबनीस, मग शेजारचा टायरवालासुद्धा. सोन्याचे कानावरचे केस पिकले, पण तो मात्र सोन्याच राहिला.

धंद्याचं दुखणं साधं होतं. फिल्टर बसवला की गिऱ्हाईक विसरलं जायचं. आतली कँडल बदलायची वेळ झाली, हे कोणी कळवायचं नाही. गिऱ्हाईक गढूळ पाणी बघून वैतागायचं आणि दुसरीकडे जायचं. दोन मोठी वसतिगृहं अशीच हातची गेली होती. असंच आणखी वर्षभर चाललं असतं, तर दुकानाला कुलूप लागलं असतं. म्हणून गिऱ्हाइकांचं सगळं ध्यानात ठेवणारं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलं. बरीच बघून दोन उरली. नावं लक्षात राहीनात, म्हणून पडद्याच्या रंगावरून एक हिरवं, एक निळं.

हिरव्यावाली बाई बोलायला गोड होती. निळ्यावाला सावकाश बोलायचा, पण मुद्द्याचं बोलायचा. तिचं ऐकलं की हिरवं घ्यावंसं वाटे, त्याचं ऐकलं की निळं. रात्रभर भावजींच्या डोक्यात दोन्ही रंग कालवले जात. बायको म्हणाली, चिठ्ठ्या टाका आणि झोपा.

एकदा भावजींनी हिरव्यावालीला केबिनमध्ये सांगितलं की आमची बरीच गिऱ्हाइकं म्हातारी आहेत, ती मेसेज वाचत नाहीत, त्यांना फोनवर बोलून आठवण करून देणारं काहीतरी हवं. ऑफिसात विचारते, म्हणाली. चहा घेऊन आलेला सोन्या तेवढा तिथे होता. दुसऱ्या दिवशी निळ्यावाल्यानं बसल्या बसल्या सांगितलं, "आमच्याकडे आठवणीचा फोन आपोआप जातो. म्हाताऱ्या माणसांना बरं पडतं."

भावजी चक्रावले. योगायोग असेल, म्हणून सोडून दिलं.

मग सोन्या चहा देत असताना त्यांनी निळ्यावाल्याकडे तक्रार केली की हिरव्यात कारागिरांना फार टाइप करावं लागतं. पुढचे दोन दिवस कोणाचाच डेमो झाला नाही. बाईंच्या मुलाला ताप होता आणि निळ्यावाल्याला रजा हवी होती. भावजींना तेवढीच उसंत मिळाली. तिसऱ्या दिवशी बाई आली ती एका बटणावर चालणारं हिरवं घेऊनच.

आता मात्र कुठेतरी पाणी मुरतंय, हे नक्की झालं. भावजींनी डोकं लावलं. बाई आपलं गुपित दुश्मनाला कशाला सांगेल? तोही तिला कशाला सांगेल? दोन्ही वेळा तिसरा माणूस एकच होता. जो चहा आणायचा, खुर्ची पुसायचा आणि दोघांनाही जिन्यापर्यंत सोडायला जायचा.

हा विचार त्यांना स्वतःलाच नकोसा होता. सोन्यानं त्यांच्यासाठी काय नव्हतं केलं? त्यांच्या आजारपणात दुकान एकट्यानं ओढलं होतं. पण संशयाचं भूत एकदा मानगुटीवर बसलं की उतरत नाही.

"दोघांकडून काय मिळतं तुला?" भावजींनी विचारलं.

सोन्याला आधी प्रश्नच कळला नाही. कळला तेव्हा तो खाली बसला.

"भावजी, मी असं करेन?"

"मग तूच सांग, कोण करतंय?"

सोन्यानं दुकानाच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या, हत्यारांची पिशवी उचलली आणि तो निघून गेला. त्या दिवसापासून घरात बायकोनं बोलणं टाकलं. दुकानात कारागीर त्यांना साहेब म्हणायला लागले. भावजींना फार वाईट वाटायचं, पण आपलं चुकलं असं काही केल्या वाटेना. घरभेद्याला घालवलं, असंच ते मनाला बजावत राहिले.

शेवटी त्यांनी हिरवं घेतलं. कारण विचाराल तर त्या सकाळी बाईंचा फोन आधी आला, एवढंच. निळ्यावाल्याला नाही म्हणताना त्यांना अवघडल्यासारखं झालं. पण तो पठ्ठ्या जराही नाराज झाला नाही. उलट हसून म्हणाला की पॅकेज राहू दे, पण इतके दिवस तुमचं दुकान बघतोय, तर आईसाठी एक फिल्टर माझ्याच घरी बसवून द्या. भावजींना भरून आलं. आपलं माणूस उलटतं आणि परका इतका दिलदार निघतो, हे कोडं त्यांना सुटेना.

फिल्टर बसवायची कामं सोन्याच करायचा. बाकीचे कारागीर दुरुस्तीवर गेलेले. म्हणून भावजी स्वतःच फिल्टर खांद्यावर घेऊन निघाले. तिसऱ्या मजल्यावर दार उघडलं ते निळ्यावाल्याच्या आईनं. मुलगा कामावर गेलाय, पण तुम्ही येणार हे सांगून गेलाय, म्हणाल्या. त्यांनी पाणी दिलं, बसायला सांगितलं आणि आत वळून हाक मारली.

"सूनबाई, फिल्टरवाले आलेत गं."

आणि ओढणीला हात पुसत स्वयंपाकघरातून हिरव्यावाली बाहेर आली.