पेन्शनचा फोटो

सुवर्णाने सासऱ्यांचा फोटो खिळ्यावरून काढला आणि तोंड भिंतीकडे करून परत टांगला. बैठकीला रंग देताना तो तिच्या खोलीत आला होता आणि इथेच राहिला होता. नागोराव जिवंतपणी सुनेच्या खोलीशी खाकरल्याशिवाय कधी आले नव्हते. मेल्यावर त्यांना हे दाखवणे बरे दिसले नसते.

मग तिने खिडकी लावली, पडदा ओढला आणि गाऊन घातला. गाऊन वांगी रंगाचा, रेशमी, ऑनलाइन मागवलेला. धुतल्यावर तो तिने टॉवेलच्या आत लपवून वाळवला होता. त्यावर तिने शाल घेतली. शाल शाळेतल्या सत्काराची होती. मे महिना होता आणि आदिलाबादेत त्या दिवशी कूलरसुद्धा गरम वारा फेकत होता.

बायका असे फोटो आपल्याच बेडरूममध्ये, कमी कपड्यांत, कुणाला दाखवायला नाही तर फक्त स्वतःसाठी काढून घेतात, हे तिला मोबाइलवर कळले होते. तिला एकच हवा होता. घरातल्या सगळ्या अल्बमांत ती पोटासमोर काहीतरी धरून उभी होती. कुठे फाइल, कुठे दुसऱ्याचे बाळ. लेकीच्या, भाग्यश्रीच्या लग्नात तर ओवाळणीचे ताट तिने शेवटची पंगत उठेपर्यंत खाली ठेवले नव्हते. पोटावरच्या रेषा भाग्यश्रीच्याच वेळच्या. त्या देवानंदनेही कधी नीट पाहिल्या नव्हत्या. नवऱ्याला आधी दिवा मालवायची सवय होती आणि सुवर्णाला आजवर ती सोयीचीच वाटत आली होती.

फोटो काढणार होती प्रगती. सुवर्णाचीच जुनी विद्यार्थिनी; हैदराबादेत कॅमेरा शिकून आलेली, आता लग्नांचे फोटो काढते. तिने तयारीच्या सूचना पाठवल्या होत्या. पाणी भरपूर प्या. आरशासमोर उभे राहून स्वतःकडे प्रेमाने पाहा. आत्मविश्वास ठेवा. सुवर्णा पाणी प्यायली. पुढच्या दोन जमल्या नाहीत. याच प्रगतीला तिने चौथीत फळ्यासमोर उभे करून, "लाजतेस काय, मोठ्याने बोल," असे म्हणत रडवले होते.

घर रिकामे होते. पुतण्याच्या पोराच्या अक्षराभ्यासाला सगळे बासरच्या सरस्वतीला गेले होते. सुवर्णाने डोके दुखते म्हणून सांगितले होते. सासूबाईंना न जायला कारण सांगावे लागले नाही. जयवंताबाईंचे गुडघे रांगेत उभे राहण्यासारखे नव्हते; त्या घरीच राहिल्या. त्यांच्यासाठी मात्र सकाळीच एक खोटे तयार करावे लागले.

"आत्या, पेन्शनची पोरगी येऊन राह्यली. तुमी जित्या हाव का नाही, ते पाहाले फोटो काढते म्हने."

"बरं," जयवंताबाई म्हणाल्या.

बेत साधा होता. बाहेर वसरीत म्हातारीचा एक फोटो, मग आत येऊन कडी. शिकल्यासवरल्या बाईने सासूच्या पेन्शनमागे लपावे याचीही लाज वाटायला हवी होती. पण आधीच्या लाजेने जागा शिल्लक ठेवली नव्हती.

पण प्रगती आली ती सरळ खोलीत. तिने दिवा उभा केला, त्यावर पांढरी छत्री उघडली.

"टीचर, शाल."

"असू दे. थंडी वाजते."

प्रगतीने एकदा कूलरकडे पाहिले.

तेवढ्यात दार ढकलले गेले. जयवंताबाई ठेवणीतले हिरवे लुगडे नेसून, केसांना तेल लावून उभ्या होत्या. त्यांनी उलट्या फोटोकडे पाहिले, सुनेकडे पाहिले, आणि येऊन पलंगावर बसल्या.

"वसरीत अंधार हाय. इथंच काढ माय."

सुवर्णाने शाल गळ्यापर्यंत ओढली.

"ओळखीची खून दाखवा लागत असन ना? तहसीलीत इचारली होती मले."

"नाही लागत, आत्या."

तोवर पदर खाली आला होता. मग त्यांनी लुगडे कमरेशी सैल केले आणि पोट उजेडात मोकळे केले. नांगरून ठेवलेल्या वावरासारखे, रेषाच रेषा.

"हे पाह्य पोरी. हे देवानंदची. हे त्याच्या बहिनीची. आन् हे, जे जगलं नाही, त्याची."

"आत्या, झाका!" सुवर्णाचा वर्गातला आवाज निघाला. "पोरगी पाहून राह्यली!"

"पाहाले तं आली ना ते."

प्रगतीने कॅमेरा डोळ्याला लावला. जयवंताबाईंनी हात वर केला.

"थांब."

त्या गुडघे धरत उठल्या. भिंतीपाशी गेल्या आणि नागोरावांना सुलटे केले.

"जलमभर आधी कंदील इझोवला ह्याहिनं," त्या म्हणाल्या. "आता पाहू दे."

पुन्हा पलंगावर बसल्या. हात दोन्ही बाजूंना टेकले, पोटासमोर काहीही नाही, हनुवटी वर. घराण्यात एवढ्या सरळ कोणी कॅमेऱ्याकडे पाहिले नव्हते. प्रगतीने फोटो काढला, मग न विचारता आणखी एक. सुवर्णा भिंतीला टेकून उभी होती. शालीखाली तिला घामाच्या धारा लागल्या होत्या.

जयवंताबाईंनी लुगडे आवळले, पदर घेतला, आणि दाराकडे जाता जाता सुनेसमोर थांबल्या. त्यांनी हात पुढे केला.

"पेन्शनवाले अंगठा घेतेत, सुवर्णा, फोटो नाही. दे ते शाल इकडं."