चाळीस सेकंदांचं वाळवंट

विहीर कुठल्या दिशेला आहे ते सांगायचं नाही, अशी बापाची अट होती. "मी खणलेली विहीर मलाच शोधू दे. तू गप बस."

मुलगा गप बसला. म्हाताऱ्याने कंट्रोलर असा धरला होता, जसा जिवंत खेकडा धरावा. पडद्यावर एक तहानलेला माणूस वाळूत उभा होता. हे वाळवंट मुलाने बनवलं होतं, गेमच्या कंपनीत बसून, तीन वर्षं. कुठे मिठाचे पांढरे पट्टे, कुठे काळ्या दगडांचा माळ, कुठे वाऱ्याने कंगवा फिरवावा तशी वाळू. आणि मग चालून चालून अकरा मिनिटं काहीच नाही. त्या काहीच नाहीच्या टोकाला एक विहीर, कोरडी. बापाने खणलेली खरी विहीरही कोरडीच राहिली आणि केव्हाच वाळूने बुजली. आता ती असलीच तर इथेच होती.

"चाळीस सेकंदांत नवीन काही दिसलं नाही की खेळणारा कंटाळतो," हा साहेबांचा नियम. "वाळवंट झालं म्हणून काय झालं, विविधता नको?" मुलगा दोन महिने त्यांच्याशी हुज्जत घालत होता. शेवटी काम हातातून काढून घेताना साहेब म्हणाले, "बरं बाबा, ठेवतो तुझी विहीर." गेम आज सकाळी बाजारात आला. मुलाने स्वतःसुद्धा उघडून पाहिला नव्हता. पहिला मान बापाचा.

"बारा परस खाली गेलो होतो," म्हातारा पडद्यावरची नजर न काढता म्हणाला. "बारा माणसं हात वर करून एकावर एक उभी राहतील, एवढं. तळाला कान लावला की पृथ्वीच्या पल्याडची माणसं बोलताना ऐकू यायची."

"काय बोलायची?"

"आपल्यासारखंच. पाणी नाही म्हणायची."

मुलगा हसला. ही थाप त्याने लहानपणापासून ऐकली होती. दर खेपेला विहीर एक परस खोल जायची.

तेवढ्यात विहीर आली. म्हाताऱ्याचा अंगठा थबकला. काठाचा एक दगड निखळलेला होता. शेजारच्या दगडावर माती उपसायच्या दोराने पडलेली खाच होती.

"पहार निसटली आणि हाच दगड उडाला," तो हळू आवाजात म्हणाला. "तू तेव्हा एवढासा होतास रे. तुझ्या ध्यानात राहिलं?"

मुलाचं हसू मावळलं होतं. अकरा मिनिटं कुठे झाली होती? अजून एक मिनिटसुद्धा झालं नव्हतं.

पडद्यावरचा माणूस ओणवा झाला आणि ओंजळीने घटाघटा पाणी प्यायला. कोपऱ्यातला तहानेचा निळा थेंब काठोकाठ भरला.

"पाणी लागलं की," म्हातारा म्हणाला.

"बाबा, ही ती नव्हे. पुढे चला."

पुढे चाळीस सेकंदांवर विहीर होती. तोच निखळलेला दगड, तीच खाच, तुडुंब पाणी. तिच्यापुढे आणखी एक. डावीकडे वळून पाहिलं, तिथेही. म्हाताऱ्याने सहापर्यंत मोजल्या आणि सोडून दिलं.

"ठेवतो म्हणाले होते साहेब," मुलगा म्हणाला. "ठेवली. बंद करू का?"

"थांब."

म्हाताऱ्याने त्या माणसाला आणखी एका विहिरीवर नेऊन पाणी पाजलं. मग कंट्रोलर मांडीवर ठेवला. मुलगा थापेची वाट बघत राहिला. एखादी आली असती, तर दोघांचंही भागलं असतं.

"तुझी आई अंधारात हंडा घेऊन निघायची, ती उन्हं डोक्यावर आली की परतायची," म्हातारा म्हणाला. "चाळीस पावलांवर पाणी होतं, तर ती जायची कुठे?"