किती वर्षांचं?

"लायसन्स किती वर्षांचं करू, मावशी?" खिडकीतल्या पोरीनं विचारलं. "एकापासून पाचपर्यंत, म्हणाल तेवढं."

"एक," मैमून म्हणाली.

"एकच? वर्षभरात पुन्हा रांग लावाल. सगळे पाचच घेतात."

"एकच कर."

मागच्या बाकावर तिचा नवरा इद्रुस काठीवर हनुवटी टेकून बसला होता. दोन वर्षं मैमून गाडी चालवायची ती त्याच्यासाठीच. घरातून गेरिकच्या इस्पितळात, इस्पितळातून घरी. गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी तिला एकटीला आत बोलावलं होतं. बाहेर येऊन ती त्याला म्हणाली होती, "औषध बदललंय, बाकी काही नाही."

आता आपण काय बोलून बसलो ते तिच्या लक्षात आलं. वळून पाहायचा धीर होईना.

काठीची टकटक जवळ आली.

"डॉक्टर वर्ष म्हणाले होय?" इद्रुसनं हळूच विचारलं. "मी सहा महिनेच धरून चाललो होतो."

मैमूननं डोक्यावरच्या रुमालाचं टोक डोळ्यांना लावलं.

"पोरी, पाच वर्षांचं कर," तो खिडकीशी वाकला. "आमची लेक डोंगरापलीकडे असते, कोता भारूला. हिला जायला-यायला लागेल."

"मी एकटी जाणार होय तिकडं!" मैमून फणकारली. "घाटात कधी स्टिअरिंगला हात लावू दिलात?" शेवटच्या शब्दाला तिचा आवाज कातर झाला.

"चुकलंच माझं. चल, आज लाव."

पाच वर्षांचं लायसन्स घेऊन परतताना घराकडचं वळण आलं, तसं शेजारच्या सीटवरून त्यानं समोर बोट दाखवलं. ती सरळ गेली. चढ सुरू झाला, दोन्ही बाजूंनी जंगल रस्त्यावर वाकलं. गाडी कण्हायला लागली की तो नुसतं "दुसरा" म्हणे, ती गियर बदले. एका अवघड वळणावर तो काहीच बोलला नाही. तिचं तिनंच निभावलं.

"आणि हत्ती आडवा आला तर?" तिनं विचारलं.

"लांबच उभं राहायचं. हॉर्न वाजवायचा नाही." त्याला धाप लागली, तो जरा थांबला. "जाऊ द्यायचं त्याला. गेल्यावरही थोडा वेळ थांबलीस तरी चालेल. पण मग निघायचं."