लाल हापसा

जरा पुढं सरका, असे जवळ बसा. बंगालात नदियाकडच्या एका अंगणातली गोष्ट सांगतो, पाण्याची. ऐकता ऐकता तहान लागली तर लागू द्या.

वैशाखातली दुपार होती. निस्तारिणी मंडलच्या अंगणात मांडव पडला होता आणि गोष्ठ गोसाई कीर्तनाला उभे होते. आख्यान डोहातल्या नागाचं. गुरं पाण्याला तोंड लावतात नि काठावरच आडवी होतात, तिथवर कथा आली आणि गोसाईंचा गळा सुकला. त्यांनी हात वर केला. मृदंग थांबला.

म्हातारी निस्तारिणी याच घटकेची वाट बघत होती. अकरा वर्षांमागं तिच्या नवऱ्यानं अंगणाच्या कडेला हापसा खोदून तो गावाला दान केला होता. तो गेला, हापसा राहिला. ओट्याच्या सिमेंटात त्याचं नाव कोरलेलं, आणि अख्खी आळी तिथंच पाणी भरायची. गेल्या महिन्यात सरकारी माणसं आली, बाटल्यांत पाणी भरून बघितलं आणि हापसा लालभडक रंगवून गेली. म्हातारीचा ऊर भरून आला. तिच्या कपाळावरून पुसलेलं कुंकू त्याच्या नावाशी परत आलं, असं तिला वाटलं. रोज ती त्या लाल दांड्याला जास्वंद वाहू लागली.

कुंपणापलीकडं शेखांच्या आळीत राबेयाचा हापसा होता. तो त्या माणसांनी हिरवा केला. तेव्हा बाया म्हणाल्या, बघा, सरकारलासुद्धा कळतं कुणी कुठलं पाणी प्यावं ते. राबेया दोनदा कुंपणाशी येऊन सांगून गेली होती की काकी, रंगाचा अर्थ तसा नाही, लाल हापशाच्या पाण्यात सोमल निघालाय, विष आहे ते. पहिल्यांदा म्हातारी हसली. दुसऱ्यांदा म्हणाली, जळतेस होय गं, तुझ्या दारी कुणी येत नाही म्हणून?

तर म्हातारीनं ताज्या पाण्याचा तांब्या भरला, बत्तासे घेतले आणि गोसाईंपुढं धरले. गोसाईंनी तांब्या घेताना तिचा तळहात बघितला. कातडीत मोहरीसारखे कठीण दाणे. मानेवर काळेपांढरे ठिपके, धुळीत चार थेंब पडून गेल्यासारखे. मग त्यांची नजर हापशाकडं गेली, त्या लाल रंगावरच्या लाल फुलांकडं. ते खाली बसले.

“मा, हे हाताला कधीपासून?”

“कष्टाचे हात, गोसाई. त्यांचेही असेच झाले होते, शेवटी शेवटी.”

गोसाईंनी तांब्या डाव्या हाती घेतला आणि उजवा पंजा तिच्या पंजाशेजारी उघडून धरला. तेच दाणे. त्यांच्या घरी तिघांचे हात असे होते, आता ते एकटेच उरले होते. त्यांच्याही दारचा हापसा लाल होता. सांगणारं माणूस फार उशिरा आलं. एवढं त्यांनी हळूच सांगितलं, तिच्यापुरतं.

म्हातारीनं तांब्यात डोकावून बघितलं. पाणी इतकं नितळ की तळावरचे ठोके मोजून घ्यावेत. वास नाही, रंग नाही. या पाण्यानं तिनं देवाला न्हाऊ घातलं होतं, नातवाला न्हाऊ घातलं होतं. नागाचा डोह निदान काळा होता, लांबून दिसायचा.

“दानाचं पाणी आहे,” गोसाई म्हणाले. “तू दिलंस तर मी परतवायचा नाही. तू सांग, मा.”

सगळा मांडव बघत होता. ते प्याले असते तर गेलेल्या माणसाचं पुण्य शाबूत राहिलं असतं. तांब्या मागं घेतला, तर अकरा वर्षांचं दान चारचौघांत विष ठरणार होतं.

तिनं तांब्या मागं घेतला.

ओतायला तुळशीपाशी गेली, थबकली. वासराच्या डोणीपाशी गेली, थबकली. भोपळ्याचा वेल, पोरांचा खेळायचा कोपरा, कोंबड्यांची परात. एवढ्या मोठ्या अंगणात ते पाणी टाकायला तिला जागा सापडेना. शेवटी हापशाच्याच मोरीत ओतलं. ते जिथून आलं होतं तिकडंच मुरत गेलं, आणि मांडवातली माणसं त्या ओल्या जमिनीकडं बघत राहिली, जणू खाली काही हललं.

मग तिनं घागर उचलली आणि कुंपणाच्या फटीतून पलीकडं गेली. राबेया तिथंच उभी होती. कीर्तन ती नेहमी तिथूनच ऐकायची. म्हातारीनं हिरव्या हापशाखाली घागर ठेवली.

“जळतेय मी अजून, काकी,” राबेया दांडा धरत म्हणाली. “घागर नीट धरा, सांडेल.”

घागर मांडवात आली आणि गोसाई ते पाणी ओंजळीनं प्याले, डोळे मिटून, तीर्थ घ्यावं तसे. उभे राहिले, मृदंगाला खूण केली. तिकडं कीर्तनकार पदात स्वतःचं एखादं चरण जोडतो, त्याला आखर म्हणतात. गोसाईंनी आखर घातलं: गेला नाही गं माय तो नाग, आपल्या पायांखाली उतरलाय. आणि भर कीर्तनात एकेक बाई उठली, आपापली घागर घेऊन फटीकडं चालू लागली.

म्हातारी मात्र लाल हापशापाशी बसली होती. दांड्यावरची जास्वंद तिनं उतरवली, ओट्यावरचं नाव पदरानं पुसलं आणि ती फुलं त्या नावावर ठेवली.

नवऱ्याचं नाव तिनं जन्मात उच्चारलं नाही. त्या दिवशीही नाही. म्हणून पुढचा घोट घ्याल तेव्हा ते तुम्ही घ्या. हराधन मंडल. त्यानं पाणीच दिलं होतं.